सुरंगीच्या टाकीतली सळी

सखारामच्या हातून आवळलेला नट पुन्हा सैल झाल्याचं खेड डेपोत कुणी पाहिलं नव्हतं, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजी सखाराम स्वतः घ्यायचा. चौतीस वर्षं एसटीच्या गाड्यांखाली उताणा पडून काढलेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी उजव्या अंगठ्याच्या नखातलं काळं ग्रीस गेलं नव्हतं. गेलं नव्हतं म्हणजे त्याने जाऊ दिलं नव्हतं. कुणाकडे जेवायला बसला की तो अंगठा यजमानाला दिसेल असाच हात ठेवायचा. अशा माणसाच्या ताब्यात पोटच्या मुलीने चालतं घर दिलं, मग काय विचारता!

चालतं घर म्हणजे कॅराव्हॅन. योगिनीने मुंबईत एका पर्यटन कंपनीत आठ वर्षं लोकांची तिकिटं काढली आणि एक दिवस नोकरी सोडून, सगळी पुंजी घालून ही जुनी परदेशी गाडी घेऊन रत्नागिरीला आली. आत दोन पलंग, ओटा, इवलीशी न्हाणी, आणि बाहेरच्या कुशीत झाकणामागे पाणी तापवायची टाकी, गॅसवरही चालणारी आणि विजेवरही. गाडीचं नाव तिने ठेवलं सुरंगी. पाहुणे घ्यायचे, गुहागरपर्यंत किनाऱ्याने हिंडवायचे, रात्री माडांखाली गाडी लावायची, सकाळी अंघोळीला कढत पाणी. "बाबा, समुद्र सगळ्यांकडे आहे. कढत पाणी फक्त आपल्याकडे," असं ती म्हणायची आणि जाहिरातीतही तेच लिहायची.

सुरंगी उभी असायची भाट्याच्या खाडीकडेला, बोटी ओढून वर घेतात त्या आवाराच्या शेजारी. पाणी भरायचं तिथल्याच विहिरीचं. किनाऱ्यावरची विहीर, त्यामुळे पाणी मचूळ. प्यायला नको, अंघोळीला चालतं.

पहिला हंगाम झोकात गेला. ऑगस्टमध्ये गाडी रिकामी असताना सखारामने सर्व्हिसिंग काढलं. टाकीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजी होतं. त्याने चित्रं पाहिली. गॅस बंद, वीज बंद, पाणी गार होऊ द्यायचं, पंपाकडून येणारं पाणी तोडायचं, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडायचा आणि मग टाकीचं खालचं बूच पान्याने फिरवायचं. चित्रांखालचा मजकूर वाचावा असं काही त्याला वाटलं नाही. मशीन कळणाऱ्याला चित्र पुरे.

बूच निघालं, त्याच्यामागे भसाभसा पाणी आलं, पांढऱ्या खरपुड्या आल्या, आणि बुचालाच जोडलेली एक सळी बाहेर आली. सळी कसली! पुस्तकातल्या चित्रात ती अंगठ्याएवढी जाड आणि हातभर लांब होती. ही म्हणजे एक वाकडी तार, तिला मधेमधे चिकटलेले धातूचे भुरभुरीत गोळे. बोट लावलं की झडत होते.

"पाण्याने खाल्लीन!" सखाराम ओरडला. "एका वर्षात खाल्लीन! असला माल देतात परदेशातून?"

त्याला खरोखर लाज वाटली. एसटीत असा पार्ट निघाला असता तर त्याने स्टोअरकीपरच्या टेबलावर नेऊन आपटला असता. तो तसाच उठला आणि महिपतकडे गेला. महिपत म्हणजे त्याचा जुना दोस्त, लेथवाला, हात सोन्याचा. सखारामने मापं दिली आणि सांगितलं, "स्टीलची कर. चांगल्यातल्या स्टीलची. माझ्यानंतरही टिकली पाहिजे." महिपतने दोन दिवसांत बुचासकट अशी चकचकीत सळी दिली की तिच्यात बघून भांग पाडावा. सखारामने आट्यांवर टेप गुंडाळली, सळी आवळली आणि जुनी तार पत्र्याच्या पेटीत टाकली. मेकॅनिक कधी काही फेकत नाही.

योगिनी गुहागरहून गाडी लावायच्या जागा बघून आली तेव्हा तिने विचारलं, "सळी बदललीत ना? नवी मिळाली?"

"मिळाली म्हणजे? जन्माची मिळाली!" सखाराम म्हणाला आणि अंगठा चोळत बसला.

डिसेंबर लागला. थंडी पडली, पाहुणे वाढले. आणि एका गुरुवारी योगिनीने बाबांसमोर पांढरा टॉवेल धरला. त्याच्यावर गुलाबी-तांबूस डाग.

"पाहुण्यांनी तोंड पुसलं हो याला. नळाला लाल पाणी येतंय."

"माती," सखाराम म्हणाला. "जांभ्या दगडाची विहीर. लाल नाही येणार तर काय पांढरं येणार?"

रत्नागिरीत लाल पाण्याला कुणी घाबरत नाही. इथे रस्ता लाल, भिंत लाल, पोरांच्या चड्ड्या लाल. पाणी जरा रंगलं तर माणूस म्हणतो, माती आली, आणि फडकं बांधतो. सखारामनेही विहिरीच्या पाण्याला दुहेरी फडकं बांधलं आणि बादल्या गाळत बसला. योगिनीचा जीव मात्र वर-खाली होत होता. दुसऱ्या दिवशी देवरूखच्या एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान निघायचे होते. बाईंना संधिवात. त्यांनी फोनवर एकच गोष्ट तीनदा विचारली होती, सकाळी कढत पाणी नक्की मिळेल ना. आणि टाकीच बिघडली तर? तशी टाकी रत्नागिरीत काय, मुंबईतही मिळत नव्हती. बाहेरून मागवायची तर हंगाम संपेपर्यंत सुरंगी बसून राहणार. मग योगिनीने पुन्हा मुंबईत जाऊन तिकिटं काढायची.

सखाराम गाळतोय, गाळतोय, आणि शेजारच्या आवारातून एक बाई त्याच्याकडे बघतेय. ही विमला. पन्नाशी उलटलेली, साडीचा काष्टा मारलेला, हातात पत्र्याचा खरवडा, एका मोठ्या बोटीच्या पोटाखाली उकिडवी बसलेली. तिचा नवरा बाबल्या एकेकाळचा तांडेल, बोटीचा म्होरक्या. बारा वर्षांपूर्वी त्याची कंबर मोडली, आणि तेव्हापासून बोटींच्या पोटाला जस्ताचे ठोकळे बसवायचं त्याचं जोडकाम हिने घेतलं. खाडीवर जस्त कुणी म्हणत नाही, झिंक म्हणतात. अर्ध्या बंदराच्या बोटींचा झिंक विमलाच्या हातचा. सखाराम तिला वर्षभर रोज बघत होता आणि मनात म्हणत होता, बाईमाणूस बिचारी, चार बोल्ट आवळते.

"सकारामभाव," ती तिथनंच म्हणाली, "कवाधरनं गाळताव. माती निगाली काय?"

"निघेल."

विमला खरवडा ठेवून आली. तिने गाडीतले दोन काचेचे ग्लास घेतले. एकात गार नळाचं पाणी, एकात गरम नळाचं. गार पाणी स्वच्छ. गरम पाणी तांबडं. दोन्ही ग्लास तिने पायरीवर ठेवले.

"विहीर एकच ना दोगांची? मग माती गार पान्यात का नाय वो?"

सखारामने दोन्ही ग्लास उचलून उजेडात धरले. चौतीस वर्षं मशिनं उघडणाऱ्या माणसाला हे सुचू नये! फडकी बांधत बसलेल्या आपल्या हातांचा त्याला राग आला आणि त्या बाईचाही आला. पण रागाच्या तळाशी कुठेतरी मान डोलली. साधे दोन ग्लास! पान्याला हात न लावता बाईने टाकी उघडून दाखवली होती.

"टाकीत काय घातलंव?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. जुनी तार पेटीतून काढून दाखवली, आणि स्टीलच्या सळीचं वर्णन करताना नकळत त्याचा आवाज पुन्हा चढला, महिपतचं नाव आलं, चांगल्यातलं स्टील आलं. विमलाने ती खाल्लेली तार हातात घेतली आणि उजेडात फिरवून बघितली. कुणी लहान मूल बघावं तशी बघितली.

"किती खाल्लीन बघा हिला," ती म्हणाली. "बरी होती हो ही. चला माज्याबरोबर."

आवाराच्या कडेला तिची पत्र्याची खोली होती. आत शिरल्यावर सखाराम दारातच थांबला. एका भिंतीवर ओळीने खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला टांगलेले झिंकचे तुकडे. कुणी पोखरलेला, कुणी कुरतडलेला, कुणाचं नुसतं पापडाएवढं पातळ पान उरलेलं. प्रत्येकाखाली रंगाने बोटीचं नाव आणि महिने लिहिलेले.

"एवढं भंगार कशाला जपलंत, वैनी?"

"भंगार? अवो, ह्येच तर कामाला आलेलं." विमलाने एकेक दाखवायला सुरुवात केली. हा तुकडा एका बाजूनेच खाल्लेला, म्हणजे त्या बोटीवर विजेची वायर कुठेतरी उघडी होती, ती शोधून काढली. हा सहा महिन्यांतच संपला, म्हणजे बोट खाडीच्या तोंडाशी उभी राहत होती, तिला दोन ठोकळे जास्त लावले. ती बोलत होती आणि सखारामला वाटत होतं, आपण टायर बघून सांगायचो ना, की ड्रायव्हर वळणावर गाडी कशी मारतो, ही तसं सांगतेय. त्याला ते आवडलं. फार आवडलं. चार बोल्ट आवळणारी बाई म्हणे! सखारामने मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

"खारं पाणी कुनाला तरी खातंच," विमला म्हणाली. "झिंक असला की आदी झिंकला खातं आनि लोखंडाला सोडतं. पान्याला झिंक आवडतो, म्हनून लावायचा. तुमची ती जुनी सळी तशीच. ती खाल्ली म्हनून टाकी वाचली. तुमी तितं स्टील घातलंव. त्याला कोन खानार? मग पान्यान टाकी खायला घेतलीन."

सखारामने बोटांवर महिने मोजले. चार महिने. त्याच्याच हाताने.

त्याची नजर भिंतीच्या शेवटच्या खिळ्याकडे गेली. तिथला ठोकळा अगदी सबंध होता. कडा जशाच्या तशा, वर सुरेख निळा रंग.

"हा तरी चांगला टिकलाय," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"त्याची मला लाज वाटते," विमला म्हणाली.

ती तिथेच पाटावर बसली आणि सांगू लागली. पहिलंच वर्ष. बाबल्या अंथरुणावर. नारळी पौर्णिमेआधी स्वतःच्याच बोटीला तिने झिंक बसवला आणि मग बोट रंगवताना तोही रंगवून टाकला. एवढी देखणी निळी बोट, आणि तिच्या पोटाला मळका ठोकळा कसा दिसेल? रंगाखाली झिंकला पाणी लागलं नाही. झिंक बसून राहिला आणि पाण्याने बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा खाल्ला. जयगडच्या पुढे बोटीत मागून पाणी शिरलं. पाच माणसं डबे घेऊन किनारा लागेपर्यंत पाणी उपसत होती. त्यात तिचा धाकटा दीर होता.

"कोन मेला नाय, देवाची किरपा. धनी बोलले, ठोकळा खाडीत फेक. मी नाय फेकला. इतं लावला." ठोकळ्याखाली रंगाने लिहिलं होतं: विमला. आठ महिने. "इतं येनारा परतेक खलाशी इचारतो, ह्यो चांगला ठोकळा का टांगलाव? परतेकाला सांगते. बारा वर्सं सांगतेय. तवापासनं कुनी झिंकला रंग लावलेला मी बगितला नाय."

सखारामने निळ्या रंगावरून अंगठा फिरवला. त्याला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. वयाने लहान, म्हणून पडला नाही, एवढंच. स्वतःची चूक खिळ्याला टांगून, वर नाव घालून, बारा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची! त्याच्याकडून तर आजवर एक वायसर चुकल्याचंही कबूल झालं नव्हतं.

तेवढ्यात योगिनी धावत आली. टाकीचं झाकण उघडं, बाबा गायब, म्हणून शोधत आली होती. विमलाच्या हातातली तार तिने ओळखली.

"ही तर जुनी सळी! मग आत कुठली आहे? बाबा, दुकानदाराने फसवलं का तुम्हाला? भलतीच दिली का?"

आता बघा. मुलीनेच दार उघडून दिलं होतं. "हो" म्हटलं असतं की सुटला. ना महिपतचं नाव येत होतं ना स्वतःचं. विमला तर मान खाली घालून पाटाजवळचा कचरा निवडत होती, ती काही बोलणारी नव्हती. सखारामचे ओठ "हो" म्हणायला हललेसुद्धा. पण समोर तो निळा ठोकळा होता.

"कुणी नाही फसवलं," तो म्हणाला. "मी स्टीलची करून घातली. पुस्तक वाचलं नाही. टाकी गंजली असली तर माझ्यामुळे गंजली, योगू."

योगिनीने कपाळाला हात लावला. मग जी सुटली! "पहिल्या पानावर लिहिलंय हो, बाबा! ठळक अक्षरात! एकदा विचारलं असतंत मला तर काय तुमची इज्जत जाणार होती?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सखाराम खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला आठवत नव्हतं की असं त्याने कधी कुणाचं ऐकून घेतलं होतं. ओरडून दमल्यावर योगिनीने ओढणीने नाक पुसलं आणि विचारलं, "आता काय करायचं?" आणि हे तिने बाबांनाच विचारलं, विमलाला नाही. तेवढ्यानेसुद्धा सखारामच्या जिवात जीव आला.

टाकी रिकामी केली. स्टीलची सळी निघाली, जशीच्या तशी, चकचकीत, मेली! मागून तांबडं पाणी. सखारामने विजेरी आणि गाडीखाली बघायचा छोटा आरसा भोकातून आत घातला. सांध्याजवळ दोन तांबडे चट्टे होते, चांगले रुपयाएवढे. आरपार गेलेत की नाही, ते दिसेना.

"वैनी, तुमच्याकडचा झिंक ओतून सळी करू या का? आत्ताच्या आत्ता घालतो."

विमलाने ठाम मान हलवली. "माजा झिंक समुद्रातला. गार पान्यातला. कडत पान्यात तो कसा वागतो, ते मला ठावं नाय. ठावं नाय ते मी लावत नाय. असली सळी मागवा."

ठावं नाही म्हणाली! सखाराम तिच्याकडे बघतच राहिला. इतकं जाणणारी बाई इतक्या सहज म्हणाली.

योगिनीने पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं, मराठी करत करत. खाऱ्या पाण्याला कुठली सळी, तिची किती महिन्यांनी तपासणी, सगळं. सळी मागवली, चार दिवसांनी येणार होती. देवरूखच्या बाईंना तिने फोन करून खरं ते सांगितलं. टाकी बंद आहे, पण पाणी कढत मिळेल. आणि ते मिळालं, कारण सखाराम स्वतः बरोबर गेला. गुहागरच्या माडांखाली रोज पहाटे उठून त्याने चुलीवर तांब्याचा हंडा तापवला आणि बादल्या न्हाणीत नेऊन दिल्या. बाई जाताना म्हणाल्या, "मामा, असं पाणी घरीसुद्धा मिळत नाही हो." सखारामला ते काही गोड लागलं नाही. त्याचं सगळं लक्ष टाकीकडे.

सळी आली. पुस्तकाने सांगितलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या सळीच्या आट्यांना त्याने तीन वेढे टेप दिली, सळी हाताने बसवली, मग पान्याने आवळली. टाकी भरली, गरम नळ उघडून आतली हवा जाऊ दिली, आणि मगच वीज लावली. टाकीखाली त्याने कोरडं वर्तमानपत्र अंथरलं. पाणी झिरपत असेल तर कागद सांगेल. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो खाडीवर आला तर योगिनी आधीच तिथे, आणि विमलाही. तिघांनी वाकून बघितलं. सखारामने कागद बाहेर ओढला, दोन्ही बाजूंनी हात फिरवला, गालाला लावून बघितला.

"कोरडा," तो म्हणाला आणि तिथेच मटकन खाली बसला.

पुढे हंगामभर सुरंगी धावली. दर पंधरा दिवसांनी कागद, दर वेळी कोरडा. तरी सखारामला धीर नव्हता. जूनच्या तोंडावर बोटी वर ओढल्या गेल्या तेव्हा त्याने टाकी उघडायला घेतली. या वेळी झाकणाच्या आत पिवळ्या रंगाने, डेपोतल्या वळणाच्या अक्षरात, सगळ्या पायऱ्या मराठीत लिहिलेल्या होत्या. त्याने बूच फिरवलं. पाणी आलं, स्वच्छ. आणि मागून सळी आली, खड्डे पडलेली, कुरतडलेली, निम्मी झालेली.

"खाल्लीन!" सखाराम नाचायचाच बाकी राहिला. "अगो योगू, खाल्लीन!"

बोटीच्या पोटाखालनं विमलाचा आवाज आला, "किती?"

"निम्मीच्या वर!"

"मग पेढे काढा!"

पेढे त्याने संध्याकाळी आणले. त्याआधी मात्र तो पत्र्याची पेटी घेऊन विमलाच्या खोलीत गेला. पेटीतून महिपतची ती चकचकीत सळी काढली. डिसेंबरपासून ती तिथेच होती, फडक्यात गुंडाळलेली. निळ्या ठोकळ्याशेजारी त्याने एक खिळा ठोकला, सळी टांगली आणि खाली ब्रशने लिहिलं: सखाराम, खेड डेपो. चार महिने. विमला दारात उभी राहून बघत होती. तिने नुसती मान डोलावली.

पेढा घ्यायला आलेला एक तांडेल भिंतीपुढे थांबला. त्याने सळीला बोट लावलं, ती चमकली.

"काका, एवढी झकास सळी हितं टांगून कशाला ठेवलीत?"

सखारामने हात पुढे केला. नखातलं काळं ग्रीस दिसेल असाच.

"ही माझी," तो म्हणाला. "बस जरा. सांगतो."

सळीची ही गोष्ट कुणी विसरू नये, याची काळजी आता सखाराम स्वतःच घेतो.